लालबागेतला हमिंगबर्ड

"मिस, तुम्ही स्वतः कधी हमिंगबर्ड पाहिलाय का?"

हे वाक्य नयनाच्या तोंडून चांगल्या खणखणीत इंग्रजीत बाहेर पडलं आणि नववी 'ब'चा वर्ग असा गप्प झाला, की फळ्याखाली पडलेला खडू घरंगळत भिंतीला जाऊन टेकला तेही ऐकू आलं. पद्मावती मिसना प्रश्न विचारायचा नसतो. प्रश्न त्या विचारणार, आपण उत्तर द्यायचं, आणि उत्तर चुकलं की मधल्या सुट्टीत त्यांच्या कपाटातल्या सांगाड्याची हाडं फडक्याने पुसून काढायची, असा त्या शाळेचा रिवाज होता. नववी 'ब'मधल्या निम्म्या मुलींना माणसाच्या बरगड्या त्यामुळेच पाठ होत्या.

पण आदल्या तासाला मागच्या बाकावर पैज लागली होती. पुण्याच्या मुली बोलतात फार, पण मिससमोर त्यांची जीभ टाळूला चिकटते, असं अनुसूयाने सगळ्यांच्या देखत जाहीर केलं होतं. हरणारीने आठवडाभर फाटकाबाहेरच्या बाईकडच्या तिखट-मीठ लावलेल्या कैऱ्या पुरवायच्या होत्या. आणि प्रश्नही मुलींनीच ठरवून दिला होता, कारण त्या दिवशीचा धडा हमिंगबर्डचा होता आणि मिस तो असा शिकवत होत्या, की जणू तो पक्षी रोज सकाळी त्यांच्याकडे कॉफीला येतो.

दोन वर्षांपूर्वीची नयना असती तर ती बाकाखाली शिरली असती. बाबांना इथल्या विमानांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि सहस्रबुद्ध्यांचं बिऱ्हाड पुण्याहून बंगळूरला बसवनगुडीत आलं, तेव्हा पहिलं वर्षभर ती वर्गात फक्त हजेरी द्यायला तोंड उघडायची. मग काय झालं कुणास ठाऊक. सायकल जशी एका क्षणी आपोआप चालायला लागते, तसं एका सकाळी कन्नड जिभेवर चालायला लागलं. बसच्या कंडक्टरशी भांडण झालं आणि ती जिंकली. वक्तृत्वस्पर्धेत दुसरी आली. तेव्हापासून तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आई म्हणायची, या मुलीला बंगळूरचं पाणी लागलं.

मिसनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी पाहिलेला नाही. आणि या देशात रानात उडणारा हमिंगबर्ड कुणीही पाहिलेला नाही. तो अमेरिकेत असतो."

झालं. पैज जिंकली होती. खाली बसायचं, कैऱ्यांचा विचार करायचा, एवढंच बाकी होतं. पण एकदा सुटलेली जीभ अशी थांबते थोडीच.

"पण मिस, मी पाहिलाय. लालबागेत."

वर्गात खसखस पिकली. नयनाला कळेना, यात हसण्यासारखं काय आहे. दिवाळीच्या सुट्टीत बाबांबरोबर ती लालबागेत गेली होती. काचघरामागच्या एका लाल फुलांच्या झुडपापाशी अंगठ्याएवढं काहीतरी रंगीत भिरभिरलं होतं आणि बाबा तिचा हात दाबून म्हणाले होते, तो बघ, हमिंगबर्ड. आता जो माणूस दिवसभर विमानांच्या पंखांची चित्रं काढतो, त्याची उडणाऱ्या वस्तूच्या बाबतीत चूक कशी होईल?

मिस हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, की पुढच्या आठवड्यात पालकांचा मेळावा आहे, प्रत्येक विषयावर एक मुलगी बोलणार आहे आणि निसर्गविज्ञानासाठी त्यांच्या मनात नयनाचंच नाव होतं. हे ऐकून नयनाच्या पोटात फुलबाजी लागली. ती लगेच विझलीही.

"पण जी मुलगी लालबागेत हमिंगबर्ड बघते, तिला मी पालकांसमोर उभी करणार नाही. सोमवारी उगादीची सुट्टी आहे. मंगळवारी ये आणि सांग, तू काय पाहिलंस ते. काय वाटलं ते नको. काय पाहिलंस."

*

घरी हे ऐकून बाबांचा फार अपमान झाला. उमाकांत सहस्रबुद्धे हा तसा शांत माणूस, पण विषय उडण्याचा होता. त्यांनी एका परदेशी मासिकातलं रंगीत चित्र शोधून काढलं आणि हमिंगबर्ड एका जागी कसा तरंगतो, मागे कसा उडतो, हे चिमट्यात पोळी धरून दाखवलं. आईने पोळी काढून घेतली. बाबा म्हणाले, पाहिला म्हणजे पाहिला, तुझ्या मिसना म्हणावं मला येऊन भेटा.

"बाबा, तो फुलापुढे तरंगत होता का? की बसला होता?"

"तरंगत होता," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "बहुतेक."

ते 'बहुतेक' नयनाला रात्रभर टोचत राहिलं. बाबा कारखान्यात कधी बहुतेक म्हणत नसणार. बहुतेक म्हणणाऱ्याच्या विमानात बसेल कोण?

आईला या सगळ्यात काडीचा रस नव्हता. सोमवारी पाडवा, म्हणजे इथली उगादी, दुपारी बाबांचे साहेब विद्याधर आगाशे सपत्नीक जेवायला, आणि घर अजून हे असं. आईचा, म्हणजे हेमलताबाईंचा, पाडवा ही साधी गोष्ट नव्हती. अख्ख्या रस्त्यावर गुढी फक्त त्यांचीच. शेजारच्या कन्नड बायका पहिल्या वर्षी काठीवरची साडी आणि वर उपडा तांब्या बघून, ही कुठली धुणं वाळत घालायची पद्धत, असं विचारून गेल्या होत्या. दुसऱ्या वर्षी त्याच बायका नटूनथटून गुढी बघायला आल्या. यंदा तर साहेब येणार. तेव्हा गुढी पुढच्या दारात, व्हरांड्याच्या कमानीशी, रस्त्यावरून दिसेल अशी, आणि कमानीला ताज्या आंब्याच्या पानांचं तोरण. त्याआधी तिथलं दसऱ्याचं वाळकं तोरण उतरवायचं, ही कामगिरी नयनावर होती. कधीपासून होती म्हणाल तर महाशिवरात्रीपासून.

"आणि त्या तोरणाच्या टोकाला ते जळमट लोंबतंय ना, ते तरी काढ गं," आई कितव्यांदा तरी म्हणाली. "परवा एवढंसं लिंबाएवढं होतं. आज पेरूएवढं झालंय. तुझा आळस किती वाढलाय ते मोजायला मला दुसरं काही नको."

बांबूला केरसुणी बांधून तयार होती. नयनाने एकदा वर पाहिलं. सुतळीच्या टोकाला, वाळक्या पानाखाली, कोळ्याचं जाळं, सालपटं, कसलीशी लव आणि कागदाचा कपटा असं काहीतरी गुंतवळ लटकत होतं. खाली बाबांची सायकल. किळसवाणं दिसत होतं. उद्या करते, ती म्हणाली.

शनिवारी ती तेच म्हणाली. आणि रविवारी, आई आंघोळीला गेली आहे असं बघून, चपला हातात घेऊन ती घरातून पसार झाली.

*

अनुसूया लालबागेच्या पश्चिम फाटकाशी उभी होती आणि चिडलेली होती. तिचं घराणं शहाजीराजांच्या बरोबर इकडे आलं, असं ती दर दोन दिवसांनी ऐकवायची, आणि तेव्हापासून आजपर्यंत आमच्या घरात रविवारी इतक्या लवकर कुणी उठलेलं नाही, असं त्या दिवशी तिने ऐकवलं. आमची अक्का विचारत होती, एवढ्या सकाळी कुठे? मी सांगितलं, अमेरिकेचा पक्षी बघायला. अक्काने कपाळाला हात लावून ताप बघितला.

"आणि पैज हरली ती मी," ती म्हणाली. "कैऱ्या देईन गे, पण पाय पण माझेच मोडायचे का?"

दोघी काचघरामागे गेल्या. दिवाळीतल्या झुडपाला आता एकही फूल नव्हतं. नयनाने त्याच्याकडे असं पाहिलं, की ते शरमून तिथल्या तिथे फुलायला हवं होतं. मग त्या बागेत भटकत सुटल्या. जिथे फूल तिथे नयना. एका झाडावर काहीतरी भुर्र झालं, तो भुंगा निघाला. दुसरीकडे पानांत काहीतरी हललं, ते पानच होतं. अनुसूया म्हणाली, स्वल्प बसू या की. नयना म्हणाली, बसलेल्या माणसाला काही दिसत नाही. अनुसूया म्हणाली, मग या बाकावर बसलेले ते आजोबा काय करतायत? ते झोपले होते.

तळ्याकडे उतरताना पांगारा दिसला. एवढं मोठं झाड, अंगावर पान म्हणून नाही, सगळ्या फांद्यांच्या टोकांना नुसते लालभडक तुरे. झाडावर बाजार भरला होता. साळुंक्या, कावळे, पोपट, सगळे एकदम ओरडत होते आणि पाकळ्या खाली पडत होत्या. नयना मान वर करून झाडाखाली उभी राहिली. काही वेळाने मान दुखायला लागली. मंगळवारी मिससमोर उभं राहून 'मिस, मी कावळा पाहिला' असं म्हणणाऱ्या नयनाचं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं, आणि मेळाव्याच्या व्यासपीठावर उभी राहून तिच्या जागी बोलणाऱ्या नववी 'अ'च्या हुशार मुलीचंही. त्या मुलीच्या वेणीला रिबिनी होत्या.

तेवढ्यात अगदी खालच्या फांदीवर, हातभर अंतरावर म्हटलं तरी चालेल, एक बारीकसं काळं पाखरू येऊन बसलं.

बसलं. ते अंगठ्याएवढं होतं, चोच लांब आणि खाली वाकलेली, आईच्या विणायच्या हुकासारखी. पण काळं. साधं काळपट. नयना निराश होणार एवढ्यात ते उन्हाकडे वळलं आणि पेटलं.

दुसरा शब्दच नाही त्याला. डोक्यावर मोराच्या मानेचा हिरवा, गळ्याशी जांभळा, जसा शाईचा थेंब पाण्यात पडताना दिसतो तसा, पाठीवर जुन्या पैठणीचा मरून आणि पोट हळदीत बुडवून काढलेलं. सगळं त्या एवढ्याशा अंगावर, जणू कुणाला रंग संपवायचे होते आणि पक्षी एकच उरला होता. पुन्हा सावलीत वळलं की विझून काळं. उन्हात वळलं की पुन्हा दिवाळी. त्याने फुलाच्या देठावर पाय रोवले, चोच आत खुपसली, प्यायलं, शेपटी झटकली, पुढचं फूल. मध्ये एकदा एका फुलापुढे पंख मारत क्षणभर लोंबकळलंही, पण जमत नाही असं दिसल्यावर मुकाट्याने बसलं.

"अनू," नयना कुजबुजली, आणि ती कुजबुज अनुसूयाच्या दंडाला पाच बोटांनी कळली. "बसलाय. तो बसून पितोय गं. हमिंगबर्ड बसून पीत नाही."

"मग हा कोण?"

"ठाऊक नाही," नयना म्हणाली, आणि तिला स्वतःलाच नवल वाटलं, की 'ठाऊक नाही' म्हणताना इतका आनंद होतो. चित्रातला नाही, परदेशातला नाही, आपल्या पांगाऱ्यावरचा, आपल्या बसच्या रस्त्यावरचा. तिला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं, आणि हलता तर येत नव्हतं. शेवटी ती नुसतीच पायांच्या बोटांवर वरखाली होत राहिली. अनुसूयाही वरखाली व्हायला लागली. बाकावरचे आजोबा आता जागे झाले होते आणि या दोघींकडे काळजीने बघत होते.

मग दुसरा आला. नाही, आली. तसलीच चोच, तेवढंच अंग, पण रंग बघाल तर पाठ मातकट, पोट फिकं पिवळं, बाकी काही नाही. तो एवढा जरीकाठी आणि ही घरच्या पातळात. तिने फुलाकडे ढुंकूनही बघितलं नाही. ती बुंध्याच्या खाचेशी गेली, तिथलं कोळ्याचं जाळं चोचीने ओढलं, चांगलं गुंडाळून घेतलं आणि उडाली.

"जाळं खाते?" अनुसूया म्हणाली. "शी."

"खात नाहीये. नेतेय."

दोघी तिच्यामागे पळाल्या. ती समोरच्या वाटेवर, माळ्यांच्या खोलीच्या पडवीत शिरली. पडवीच्या वाशाला एक तार होती आणि तारेला कचऱ्याचं एक बोचकं लटकत होतं. वाळकी सालपटं, लव, पानांचे तुकडे, सगळं जाळ्याने गुरफटलेलं. त्याला ती जाऊन उलटी लटकली. चोचीतलं जाळं तिने इकडून चिकटवलं, तिकडून ओढलं, छातीने दाबलं, आणि मग त्या कचऱ्याच्या कुशीत, वर टोपीच्या कडेसारखं काहीतरी पुढे आलं होतं त्याच्याखाली, एक भोक होतं, त्यातून आत गेली. आत वळली. आणि बाहेर फक्त तोंड काढून बसली.

कचऱ्याला दार होतं. दाराला छज्जा होता.

अनुसूया हसून हसून खाली बसली. नयनाही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांसमोर एक सुतळी आली. वाळकं पान. लिंबाएवढं होतं ते पेरूएवढं झालेलं. कागदाचा कपटा. खाली सायकल.

"अनू," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "आमच्या आईने केरसुणी बांबूला बांधलीय."

*

लालबाग ते बसवनगुडी हे अंतर त्या सकाळी दोन मुलींनी ज्या वेगाने कापलं, त्याची नोंद कारखान्यात व्हायला हवी होती. गांधीबझारात उगादीची झुंबड उडालेली. आंब्याच्या डहाळ्यांचे भारे, कडुनिंबाचे ढीग, मोगऱ्याच्या टोपल्या, आणि त्यांच्यामधून नयना, मागे अनुसूया, तिच्या मागे अनुसूयाच्या एका चपलेचा तुटलेला अंगठा घेऊन आलेला फुलवाला. घरापाशी पोचेपर्यंत नयनाच्या मनात एकच होतं. महाशिवरात्रीपासून ती आळस करत आली होती. देवा, आणखी थोडा वेळ आईलाही आळस येऊ दे.

आईला आळस येत नसतो. फाटक उघडलं तेव्हा हेमलताबाई पदर खोचून व्हरांड्यात स्टुलावर उभ्या होत्या, बाबा एका हाताने स्टूल धरून दुसऱ्या हाताने वर्तमानपत्र वाचत होते, आणि बांबू वर गेला होता.

"आई, थांब!"

केरसुणीचा पहिला फटकारा बसून गेला होता. तोरण गदगदा हललं, जळमटाचा एक लचका सुटून लोंबला, आणि त्यातून काहीतरी सटकन निघून आईच्या कानाला घासून गेलं. आई पाल म्हणून किंचाळली, बाबांचा पेपर पडला, स्टूल डुगडुगलं, आणि नयनाने धावत येऊन बांबूचं टोक दोन्ही हातांनी धरलं.

"पाल नाही. घर आहे ते. कुणाचं तरी घर आहे."

तिने काय सांगितलं ते तिलाही धड आठवत नाही, पण एका दमात एवढं ती वक्तृत्वातही कधी बोलली नसेल. पांगारा, उजेड, जाळं, छज्जा, सगळं उलटसुलट. मधेमधे अनुसूया होय होय म्हणत होती. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती हळूच स्टुलावरून उतरली, केरसुणी भिंतीला टेकवली आणि स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"मी मोडलं का गं ते?" ती म्हणाली.

नयनाने सगळ्यांना आत ढकललं, दार लावलं आणि पुढच्या खोलीच्या खिडकीशी चौघं दाटीवाटीने उभे राहिले. पडद्याच्या फटीतून तोरण दिसत होतं. ते जळमट, आता त्याला जळमट म्हणवत नव्हतं, एका बाजूने फाटलेलं होतं आणि वाऱ्याने हळूहळू फिरत होतं. कुणी येईना. बाबांनी घसा खाकरला, आईने त्यांना चिमटा काढला. घरात आमटी उकळल्याचा आवाज येत होता आणि कधी नव्हे ते आईला तिची आठवण नव्हती. नयनाला भाषण आठवलं नाही, मिस आठवल्या नाहीत. तिला फक्त ती मातकट पाठ पुन्हा दिसायला हवी होती. नाही दिसली तर मंगळवारी काय सांगायचं, ते आता शाळेपुरतं उरलं नव्हतं.

आधी तो आला. अंगणातल्या जास्वंदीवर बसला, उन्हाकडे वळला, आणि बाबांच्या तोंडून आपोआप निघालं, "हमिंग..."

"बाबा. तो बसलाय."

बाबांनी नीट बघितलं. चष्मा वर केला, परत खाली घेतला. "बसलाय खरा," ते म्हणाले. मग अगदी हळू आवाजात, "तेव्हाही बसलाच असावा."

मग ती आली. सुतळीला लटकली, फाटलेल्या जागेशी जाऊन मान वाकडी करून बघितलं, आणि उडून गेली. आईने डोळे मिटले. पण ती गेली होती कोपऱ्यातल्या कोळ्याच्या जाळ्याकडे, जे काढायचंही नयनाने टाळलं होतं. चोचीत धागा घेऊन ती परत आली, लोंबणारा लचका ओढून चिकटवला, छातीने दाबला, आणखी एक धागा आणला. सगळं मनासारखं झाल्यावर आत शिरली आणि तोंड बाहेर काढून बसली, जशी कुणी बाई स्वयंपाक आवरून खिडकीत येते.

आई हसायला लागली. आधी नाकातून, मग पदर तोंडाला लावून, मग पदराशिवाय. "आधी पसारा आवरणार, मग बसणार," ती म्हणाली. "माझीच बहीण की गं ही." आणि मग कपाळावर हात मारून, "अगं, शिंजीर हा. आमच्या चिपळूणला परसातल्या केळीवर यायचा. आजी म्हणायची, शिंजीर आला, केळफूल झालं बघ. इतकी वर्षं मला तो आठवलासुद्धा नाही."

शिंजीर. नयनाने तो शब्द जिभेवर फिरवून बघितला. अनुसूयाने दोनदा म्हणून बघितला आणि सरी, म्हणजे ठीक, चांगलं आहे, असा कन्नड-मराठी शेरा दिला.

आनंद जरा ओसरला तसा मग पाडवा आठवला. आई म्हणाली, सगळं खरं, पण सुकलेलं तोरण दारावर ठेवून नव्या वर्षाची गुढी उभारायची कशी? साहेब काय म्हणतील? बाबांनी सुचवलं, की घरटं सुतळीसकट अलगद कापून जास्वंदीला बांधता येईल, कारखान्यातून ते एक हलकी पट्टी आणतील, भार समतोल राहील असा कोन काढून. ते कागद आणि पेन्सिल शोधायलाही लागले. आईचं मन तिकडे झुकू लागलेलं नयनाला स्पष्ट दिसलं. गुढी पुढच्या दारात नसली, तर आईचा पाडवा तो कसला, हेही तिला माहीत होतं.

तिने खिडकीतून पुन्हा एकदा बघितलं. ते एवढंसं तोंड बाहेर बघत होतं. जागा तिने स्वतः शोधली होती, सुतळी तिने स्वतः निवडली होती. आताच एकदा तिचं घर हललं होतं.

नयना खोलीच्या मधोमध आली. आपण वर्गात उठून उभ्या राहतो तशी ती उभी राहिली, हात मागे बांधून, फक्त या वेळी पैज कुणी लावली नव्हती.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "ते तोरण उतरवायचं नाही आणि हलवायचं पण नाही. पिल्लं उडून जाईपर्यंत पुढचं दार बंद. नवं तोरण फाटकाला बांधायचं आणि गुढी फाटकाशेजारी, म्हणजे आई, ती रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसेल, नुसती समोरून नाही. साहेबांना आणि काकूंना मी स्वतः विहिरीकडून मागच्या दाराने आत आणीन आणि जेवणाआधी या खिडकीशी उभं करीन. मंगळवारी मी मिसना सांगणार आहे, की मी हमिंगबर्ड पाहिला नव्हता. शिंजीर पाहिला होता, बसून पिणारा. मग त्यांनी मला मेळाव्यात बोलू दिलं तर हेच बोलेन, आणि नाही दिलं तर अख्खी नववी 'ब' इथे आणीन, चार चार जणींच्या रांगेने, पहिल्यांदा मिस. आणि बाबा, तुमची सायकल आजपासून मागच्या अंगणात."